दुपारचा पाऊस

तो इमारतींना बाहेरून रंग द्यायचा आणि ती इस्पितळात रात्रपाळीची नर्स होती. त्यांचा संसार चालायचा तो दुपारच्या पावसावर. त्या गावात सकाळी लख्ख ऊन असायचं, दुपारी ढग भरून येऊन सर कोसळायची. मग तो परांचीवरून उतरून चिंब भिजत घरी यायचा. ती नुकतीच झोपून उठलेली असायची. तिची पाळी सुरू होईपर्यंत दोघांच्या गप्पा चालायच्या, भांडणंही व्हायची.

"पाऊस माझा मेहुणाच आहे," तो म्हणायचा. "हाताला धरून बहिणीकडे आणून सोडतो."

या वर्षी मात्र पावसाची वेळ फिरली. तो पहाटेच धरायचा आणि दुपारी कडक ऊन पडायचं. ती पाळीवरून आल्या आल्या अंथरुणावर पडायची. तिची झोप मोडू नये म्हणून तो स्वयंपाकघरात गप्प बसून राहायचा. ती जागी होईपर्यंत तो कामावर गेलेला असायचा. परत यायचा तेव्हा दाराला कुलूप.

त्यातच, इतक्या वर्षांनी, तिला दिवस गेले. ही बातमीसुद्धा तिने अर्धवट झोपेत सांगितली. तो आनंदाने काहीतरी म्हणाला, पण तिचा डोळा लागला होता.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी तिच्या पोटात कळ आली. तिने त्याला फोन लावला, पण वर चढताना तो फोन खाली पिशवीतच ठेवायचा. ती एकटीच गाडी करून आपल्या इस्पितळात गेली. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि न बोलता तिचा हात हातात घेतला. तेवढ्यावर तिला कळलं.

घरी जाताना तिने त्याच्या कामापाशी गाडी थांबवली. तो पार वरच्या मजल्यावर होता.

"अहो!"

त्याने वाकून ब्रश हलवला. "ऊन आहे तोवर एवढी भिंत होऊ दे! तू जा, जपून जा!"

शेजारचे रंगारी हसले. खालून ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतंच. ती गाडीत बसली.

संध्याकाळी त्याला दार उघडं दिसलं. "आज सुट्टी? नशीब फळफळलं म्हणायचं!" म्हणत तो आत आला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने सांगितलं.

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्ही वर होता."

तो खाटेच्या कडेला टेकला. हात रंगाने माखलेले. ते तिच्या पाठीवर ठेवावेत की नाही, त्याला कळेना.

सकाळी पाऊस लागला होता. तिला रजा होती, त्याला काम नव्हतं. कित्येक महिन्यांनी पाऊस पडताना दोघं एका वेळी जागी होती. त्याने चहा केला. दोन्ही कपांवर साय धरली तरी कुणी बोललं नाही.