हप्ता कसा गेला

धुरपता कुमरेला कोणी काही विचारलं की तिच्या आधी तिचा नवरा कवडू उत्तर द्यायचा. पस्तीस वर्षांच्या संसारात ही सवय नव्हती. धुरपताच्या छातीतला कॅन्सर बरा होऊन पुन्हा हाडांत निघाला, तेव्हापासून ती लागली. डॉक्टर भराभर विचारायचे आणि तिला सुचायचं नाही. कवडूला मात्र सगळं तोंडपाठ. सकाळी किती गोळ्या, संध्याकाळी किती, चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सोडायच्या. वनखात्यात मजूर म्हणून तीस वर्षं झाडांवर नंबर टाकलेला माणूस तो. चुकायचा नाही.

दर तीन हप्त्यांनी दोघं आंजीहून बसने वर्ध्याच्या रुग्णालयात यायचे. एप्रिलमध्ये असेच येऊन बाकावर बसले होते, तेव्हा यामिनी नावाची एक तरुण मुलगी हातात कागद घेऊन त्यांच्याजवळ आली. रुग्णालयात औषधांच्या चाचण्या चालतात, त्यांचं काम ती पाहत असे.

"मावशी, दिवाळीनंतर इथं एक चाचणी सुरू होणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही घेता त्याच गोळ्यांची. काही जणींना पूर्ण डोस, काहींना पहिल्यापासून थोडा कमी. रोग दोन्हीत सारखाच आटोक्यात राहतो का ते पाहायचं, आणि त्या काळात माणसाचं रोजचं जगणं कसं जातं, तेही. त्यासाठी हे प्रश्न आहेत. ते लोकांना नीट समजतात का, एवढंच मला आज बघायचंय. मदत कराल?"

"करतो नं," धुरपता म्हणाली. "इथं बसल्या बसल्या का काम हाय मले?"

यामिनीने पहिला प्रश्न वाचला. "गेल्या आठवड्यात लांब फेरफटका मारताना आपणांस त्रास झाला का?"

"नाई, काही त्रास नाई तिले," कवडू म्हणाला.

"आपणांस थकवा जाणवला का?"

"थोडासाक. पण जेवते बराबर."

यामिनी हसली. "काका, उत्तरं मावशींनीच द्यायची असतात. तुम्ही जरा तिकडे बसता?"

कवडू नाराजीने उठला आणि दोन बाकं सोडून, पण मान इकडेच ठेवून बसला.

"आता सांगा मावशी. फेरफटका?"

"थो का असते वं?"

"म्हणजे असंच फिरायला जाणं."

"बिनकामाचं कोण फिरते? नळावर जातो, दुकानात जातो, वावरात जातो. असं विचार, का वावरात जाता येते का?"

यामिनीने कागदाच्या कडेला ते लिहून घेतलं. पुढचे चार-पाच प्रश्न असेच गेले. धुरपताला मजा वाटू लागली होती. तीस वर्षं तिने गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवली होती. न समजलेला प्रश्न चेहऱ्यावर कसा दिसतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग यामिनीने विचारलं, "हातापायांची आग होते का?" आणि धुरपताने पाय बाकाखाली ओढून घेतले.

"हा समजला नाही का?"

"समजला." तिने कवडूकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "जळते वं. तव्यावर पाय ठेवला असं वाटते. सालटं निघून राह्यले. ओल्या लुगड्याले पीळ देता येत नाई."

"कधीपासून?"

"होळीच्या आंधीपासून."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"नाई. सांगतलं तं गोळी बंद करतीन. गोळी बंद झाली तं आमच्या बुढ्याले अन्न गोड नाई लागणार. तू बी सांगू नोको."

यामिनीने कागद मांडीवर ठेवला. "मावशी, मग मी विचारलं कशाला? तुमचे पाय जळतात हे लिहून घ्यायचं आणि फाइलीत ठेवून द्यायचं? हे मला नाही जमणार. तुम्ही सांगा, नाहीतर मी तुमच्याबरोबर आत येते, दोघी सांगू."

धुरपता बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत राहिली. मग म्हणाली, "चाल."

डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर बसवून तळपाय पाहिले. कातडी लाल झालेली, टाचेशी चिरा पडलेल्या. "दोन महिने असं चालताय तुम्ही?" त्या म्हणाल्या आणि कवडूकडे वळल्या. "काका, तुम्हाला माहीत नव्हतं?"

कवडू दाराशी उभा होता. "माहीत होतं," तो म्हणाला.

धुरपताने झटकन मान वर केली.

"रोज दुपारी दोन खेपा आंगण शिंपतो मी, थे का धुळीसाठी?" तो डॉक्टरबाईंशी बोलत होता, पण शब्द बायकोसाठी होते. "हिचे पाय पोळू नाई म्हणून. माह्यासमोर सरळ चालते अन् माही पाठ फिरली का लंगडते. मंग मी पाठ फिरवूनच राहतो. तेवढं तं लंगडू द्या तिले बिनघोर."

"मंग बोलले काऊन नाई?" धुरपता म्हणाली.

"तू काऊन नाई बोलली?"

यावर ती घरच्या गोंडी बोलीत काहीतरी म्हणाली. त्यानेही गोंडीतच उत्तर दिलं. डॉक्टरबाईंना आणि यामिनीला शब्द कळले नाहीत. बोलता बोलता कवडू पुढे आला आणि खाली वाकून बायकोच्या पायांत चप्पल घालू लागला, पट्टा टाचेला लागणार नाही अशी. डॉक्टरबाई तेवढा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

गोळ्या आठ दिवस बंद, मलम रोज, आणि नंतर डोस कमी, असं ठरलं. कवडूचा जीव थाऱ्यावर नव्हता. "कमी केल्यानं रोग वाढला तं?"

"त्रास झाला की डोस कमी करणं हे नेहमीचंच आहे काका, त्यात घाबरण्यासारखं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पहिल्या दिवसापासूनच कमी दिला तर तेवढाच उपयोग होतो का, हे आम्हालाही नक्की माहीत नाही. खोटं कशाला सांगू? त्यासाठीच तर ती चाचणी आहे."

"मंग हिचं नाव लिहा त्याच्यात."

"नाही लिहिता येत. ज्यांनी गोळ्या अजून सुरू केलेल्या नाहीत, त्यांनाच घेणार आहेत."

कवडूचं तोंड उतरलं. धुरपता मात्र हसत सुटली. "घ्या! पेपर मी तपासला अन् परीक्षेले मलेच बसू नाई देत."

त्यानंतर प्रत्येक फेरीला यामिनी तिची वाट पाहायची. धुरपताचा नंबर लागेपर्यंत दोघी कागद घेऊन बसायच्या. 'आपणांस' गेलं, 'फेरफटका' गेला. सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या प्रश्नाने खाल्ला. 'आपल्या जीवनाच्या दर्जाला एक ते सात यांपैकी कोणता अंक द्याल?' असा तो होता.

"दर्जा तं कापसाचा असते," धुरपता म्हणाली. "माह्या जगण्याले कोणता नंबर देऊ? सकाळी दोन असते, नातीचा फोन आला का सहा होते. सरळ विचार नं, हप्ता कसा गेला?"

जूनमध्ये चाचणीची बैठक होती. यामिनीने धुरपतालाही बोलावलं. लांब टेबल, दहा-बारा डॉक्टर, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. धुरपता खुर्चीच्या कडेवर बसली. कवडू दाराबाहेर उभा राहिला. या वेळी तो आपणहूनच बाहेर थांबला होता.

धुरपताला बोलायला सांगितलं तेव्हा तिने आधी दाराकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "सगळे सवाल दुखण्याचेच हायेत. दुखते का, जळते का, मळमळते का. बराबर हाय, विचारा. पण खाली दोन रेघा मोकळ्या सोडा. अन् विचारा, या हप्त्यात का करायचं होतं अन् राहून गेलं. माह्या भाचीच्या लग्नात मी नाचलो नाई. ते तुमच्या एकाही सवालात नाई बसत."

एक वयस्क डॉक्टर म्हणाले, "बाई, मुद्दा चांगला आहे. पण त्याचा हिशेब कसा मांडणार? त्याला आकडा देता येत नाही."

"आकडा नाई देता येत तं वाचा," धुरपता म्हणाली.

ते डॉक्टर हसले आणि त्यांनी चष्मा पुसून ते लिहून घेतलं. छापून आलेल्या कागदावर खाली दोन रेघा होत्या.

ऑगस्टमध्ये धुरपताचा स्कॅन झाला. रोग होता तेवढाच होता, वाढला नव्हता. पायांची कातडी भरून आली होती. कवडूने स्कॅनचा कागद डॉक्टरबाईंकडून तीनदा वाचून घेतला, आणि बाहेर आल्यावर भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रुमालाने घाम पुसला, त्या दिवशी ढगाळ असूनही.

दिवाळी झाली आणि चाचणी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात समुद्रपूरची रक्षा नावाची एक बाई आली. पस्तिशीची, अंगणवाडीत कामाला. यामिनीने तिला सगळं समजावलं होतं: नाही म्हणायचं तर म्हणता येतं, मधूनही सोडता येतं, आणि कोणाला कोणता डोस ते चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवणार. रक्षाने सही न करता कागद तसाच हातात धरला होता. शेजारच्या बाकावर धुरपता बसलेली होती.

"काकू, तुम्ही बी याच गोळ्या घेता का?" रक्षाने विचारलं. "मले कमीवाली लागली तं? अन् रोग वाढला तं?"

धुरपता तिच्या जवळ सरकली. "थे मी नाई सांगू शकत, बाई. म्या खोटं बोललो तं तू उद्या मलेच दोष देशीन. मले गोळी कमी केली, अन् आज तरी मी ठीक हाय. पुढचं डॉक्टरलेही माहीत नाई अन् मलेही नाई. आज सही करायचीच असं कोणी म्हटलं का? घरी ने कागद. नवऱ्याले दाखव, मायले दाखव. पण एक गोष्ट कर. जे होईन थे सांगत जाय. पाय जळला तं जळला म्हण, रडू आलं तं रडू आलं म्हण. लपवू नोको."

रक्षाचे डोळे भरले. धुरपताने तिचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

कवडू पायऱ्या चढून आला. "चाल वं, आंजीची बस लागली."

"जाऊ द्या तिले," धुरपता म्हणाली. "दुसरीनं जाऊ. ही पोरगी सकाळपासून उपाशी हाय. तिघांसाठी चहा-पोहे सांगून येजा खाली."

कवडूने रक्षाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "साखर चालते नं तुले, बाई?" त्याने विचारलं, आणि तिच्या उत्तराची वाट पाहत तो थांबला.