बाराव्या ओळीतले नाव

मित्रांनो, मी एक जुनी, वाळवीने कडा कुरतडलेली कादंबरी आहे. पेरियार नदीकाठच्या एका गावातल्या वाचनालयात, खालून दुसऱ्या फळीवर माझे घर आहे. जन्माने मी इथली नव्हे. दूरच्या एका थंड देशात कोणीतरी मला लिहिले आणि त्रिशूरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी चार वर्षे खपून मला मल्याळममध्ये आणले. छापून झाल्यावर माझ्या कोऱ्या कागदाच्या वासाचे सगळ्यांनी कौतुक केले. मजकुराबद्दल कोणी काही बोलले नाही.

माझ्या पोटात एक बंदर आहे, बंदरावर एक खानावळ आणि खानावळीत चार परकी माणसे. ती पानेच्या पाने एकाच टेबलावर जेवतात आणि कोणी कोणाचे नाव विचारत नाही. अशी गोष्ट लोकांना नको असते, हे मला लवकरच कळले. पाच वर्षे मला कोणी हात लावला नाही. नेणाऱ्याचे नाव लिहायचा जो कागद माझ्या शेवटच्या पानावर चिकटवला आहे, तो कोराच राहिला.

मग एका गुरुवारी शेजारच्या चहाच्या दुकानात काम करणारा माणूस आला. वय चाळिशीपुढचे. बसच्या पाट्या आणि वडे बांधायची रद्दी वाचून तो मल्याळम अक्षरे शिकला होता. माझी अक्षरे मोठी, म्हणून त्याने मला उचलले. ग्रंथपाल रमणीचेची, म्हणजे साऱ्या गावाच्या ताई, यांनी कागदावर लिहिले, ‘बंगाली’. उत्तरेकडून कामाला आलेला प्रत्येक जण त्या गावात बंगालीच. त्याने ते वाचले आणि मला पिशवीत घातले.

पहिल्या वेळी त्याला तीन महिने लागले. तो ओळीवर बोट धरून, ओठ हलवत वाचायचा. इतके हळू मला कोणी वाचले नव्हते, आणि खरे सांगते, मला ते फार आवडले. पुढे तो मला पुन्हा पुन्हा नेऊ लागला.

यंदा नवी पुस्तके आली आणि कपाट अपुरे पडले. वाचक मंडळाने ठरवले की रविवारी माझ्यावर चर्चा करायची आणि मला ठेवायचे की रद्दीत द्यायचे, ते तिथेच ठरवायचे. रद्दी म्हणजे तेच चहाचे दुकान आणि तेच वडे. मंडळींनी आळीपाळीने मला घरी नेले, कागदावर नाव न लिहिता. माझा जीव टांगणीला लागला होता.

चर्चेला तिघे होते. चेची, शाळेतून निवृत्त झालेले दिवाकरन मास्तर आणि रबराच्या बागेचे मालक पौलोसचेट्टन, म्हणजे गावाचे पौलोसदादा. काळा चहा आणि डाळीचे वडे घेऊन बंगाली आला आणि दाराशी उभा राहिला.

“नुसतं रडगाणं आहे,” पौलोसचेट्टन म्हणाले. “मी दोन दिवस वाचत बसलो, तर बायको कपाळाला हात लावून बघते, ताप आलाय का.”

“अनुवाद बरा आहे. गोष्ट पटत नाही,” मास्तर म्हणाले. “एका टेबलावर जेवतात आणि नाव विचारत नाहीत? आपल्याकडे नवा माणूस बसमधून उतरायच्या आत त्याचं नाव, घराचं नाव आणि पगार विचारून होतो.”

“आपल्या गावात एकटं राहायची सोयच नाही,” चेची हसल्या. “बंगाली, मास्तरांना अजून एक वडा दे.”

“मग द्या रद्दीत,” पौलोसचेट्टन म्हणाले.

मला कोणी कितीदा नेले ते बघायला चेचींनी शेवटचे पान उघडले. “बंगाली,” त्या वाचू लागल्या. “बंगाली. बंगाली.” असे अकरा वेळा.

“हे कोणा कवीचं टोपणनाव?” मास्तरांनी विचारले.

“अहो, हा आपला बंगाली,” पौलोसचेट्टन म्हणाले. “काय रे, तू हिचं काय करायचास? उशाला घ्यायचास?”

“वाचायचो, चेट्टा.”

“अकरा वेळा? मग सांग, मास्तर म्हणतात ते बरोबर ना?”

त्याने हातातली किटली खाली ठेवली. “नाही. नाव विचारतात. पान दोनशे चार. चौघांतला घड्याळं दुरुस्त करणारा मरतो, तेव्हा खानावळवाली बाकीच्यांना विचारते, थडग्यावर काय नाव घालू. कोणालाच माहीत नसतं.” मग तो म्हणाला, “ते पान राहिलं असेल, मास्तर.”

मास्तरांचे खुणेचे बसतिकीट माझ्या ऐंशीव्या पानात होते. ते मला ठाऊक होते आणि त्यांनाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या माणसाच्या हातचा चहा ते नऊ वर्षे पीत होते.

“तुझं नाव काय?”

“कुलमणी बेहेरा.”

“बंगालात कुठलं गाव?”

“बंगाल नाही, मास्तर. ओडिशा.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” पौलोसचेट्टन म्हणाले.

“पहिली दोन वर्षं सांगत होतो, चेट्टा. सांगेपर्यंत चहा निवायचा.”

चेचींनी पेन काढले आणि त्या अकरा ओळी खोडायला निघाल्या.

“राहू द्या, चेची,” तो म्हणाला. “नाहीतर वाटेल, अकरा वेळा दुसऱ्याच कोणी वाचली.”

तेव्हा चेचींनी पेन त्याच्याच हातात दिले. बाराव्या ओळीत त्याने आपले नाव लिहिले, बसच्या पाटीवर असते तसे ठसठशीत. इतके दाबून लिहिले की अक्षरे मागच्या पानावर उमटली. ती अजून तिथे आहेत.

मी रद्दीत गेले नाही. तेराव्या ओळीत दिवाकरन मास्तरांचे नाव आहे आणि त्यांचे तिकीट आता माझ्या शेवटच्या पानात असते. दुकानातून पौलोसचेट्टनची हाक अजूनही येते, “बंगाली, चार चहा!” आणि मग जरा हळू, “कुलमणी.”

मित्रांनो, पुस्तकांना वाळवीपासून जपा. थुंकी लावून पाने उलटू नका. पुस्तक आवडले नाही तरी एकदा शेवटपर्यंत वाचा. आणि तुम्हाला रोज चहा आणून देणाऱ्याचे नाव विचारायचे असेल, तर माझ्या दोनशे चौथ्या पानापर्यंत थांबू नका.