‘इतर’च्या रकान्यातले भाऊजी

हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बशीमास्तर म्हणत. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, त्यांची जात ओळखायची आणि कोणत्या औषधाने ते मरतात ते बघायचं, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा उद्योग. जंतूंना असं खाऊपिऊ घालून मोठं करणाऱ्या या माणसाला कुंडीतलं एक रोप जगवता आलं नाही, हे त्यांची ताई चारचौघांत आवर्जून सांगायची.

आज ताईचाच नवरा वरच्या मजल्यावर दोन दिवसांपासून न्यूमोनियाने धापा टाकत होता, आणि भाऊजींच्या रक्तातून उगवलेले जंतू मास्तरांच्या पुढ्यात होते.

मास्तरांनी ओळखपरेड सुरू केली. तेरा जातींसाठी ओळख पटवणाऱ्या द्रवाच्या तेरा बाटल्या. एकेकीतला थेंब काचपट्टीवर टाकायचा, त्यात जंतू मिसळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. जात जुळली की जंतूचं कवच टम्म फुगतं. तेरा थेंब संपले, कोणी फुगलं नाही.

“इतर,” मास्तर पुटपुटले. सवयीने त्यांचा हात बशी घेऊन कचऱ्याच्या पिशवीपर्यंत गेला आणि तिथेच अडला.

दहा वर्षांपूर्वी लहान मुलांसाठी न्यूमोनियाची लस आली, नेमक्या या तेरा नामचीन जातींचा बंदोबस्त करणारी. लस चोख निघाली, त्यात वाद नाही. मुलांच्या वॉर्डातल्या निम्म्या खाटांवर सिस्टर चादरींच्या घड्या ठेवायला लागल्या. औषधांना न जुमानणारे बिलंदर बहुतेक त्या तेरांतच होते, तेही गेले. पण या जंतूंचं घर मुळात नाकात, आणि नाक काही रिकामं राहत नाही. तेरा भाडेकरू उठले, तशी माळ्यावरची मंडळी, म्हणजे उरलेल्या जाती, पथारी घेऊन खाली आली. नातवंडांच्या नाकात गुण्यागोविंदाने नांदली, तिथून आजोबांच्या छातीत उतरली. आणि सर्दीपडशालाही लोक औषधं गिळत राहिले, तशी ती औषधं पचवायलाही शिकली.

वरून आलेल्या फॉर्मात मात्र रकाने चौदा होते. तेरा जातींचे, एक ‘इतर’. औषधांची चाचणी फक्त तेरांची.

“मॅडम, इतर फार वाढलेत. त्यांचीही चाचणी लावू का?” मास्तरांनी एकदा विभागप्रमुखांना विचारलं होतं.

“निकाल कुठे लिहाल? रकाना आहे का?”

“नाही.”

“मग?”

रकानाच नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. ‘इतर’ पिशवीत जात राहिले. दरवर्षी मास्तर सुवाच्य अक्षरात तक्ता काढत: पहिल्या औषधाला शंभरातले सत्त्याण्णव जंतू दाद देतात. तो वॉर्डावॉर्डांत भिंतीवर लागे. हे शंभर कुठले, असं कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही ही तर नोकरीतली पहिली शिकवण.

मास्तरांनी नव्या बशीवर भाऊजींचे जंतू पसरले आणि वर औषधांत भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवल्या. बशी बरणीत ठेवून शेजारी मेणबत्ती पेटवली आणि झाकण लावलं. मेणबत्ती विझली. या जंतूंना तसली कोंदट हवाच मानवते. आता उद्या सकाळपर्यंत वाट बघायची. जंतू घाई करत नाहीत. निदान बशीत तरी.

ते वर गेले.

“काय रे, सापडला का चोर?” ताईने विचारलं.

“सापडलाय. नाव कळत नाहीये.”

“नाव कशाला हवंय? सोयरीक जमवायचीय का? मारा की त्याला!”

“मावशी, तक्त्याप्रमाणेच औषध चालू आहे,” वॉर्डातला तरुण डॉक्टर म्हणाला.

“तक्ता याचाच,” ताई अभिमानाने म्हणाली. “अक्षर बघा कसं, मोती नुसते.”

मास्तरांनी डॉक्टरला दाराबाहेर नेलं. “औषध बदला.”

“कोणतं देऊ?”

“उद्या कळेल.”

“अहो, सत्त्याण्णव तुम्हीच लिहिलंय ना?”

“ते तेरांचं.”

“मग याचं किती?”

“कधी मोजलंच नाही.”

डॉक्टरने तक्त्यातलं दुसरं औषध जोडलं.

सकाळी मास्तरांनी बरणी उघडली. पहिल्या चकतीला जंतू अगदी खेटून वाढले होते. दुसरीलाही. तिसरीभोवती मात्र जंतू मेल्याचं नाण्याएवढं स्वच्छ रिंगण होतं. मास्तर बशी हातात घेऊनच जिना चढले.

भाऊजींच्या घशात नळी गेली होती. श्वास आता यंत्र देत होतं.

“हे औषध बरोबर आहे,” तिसऱ्याची बाटली लावत डॉक्टर म्हणाला. “फुप्फुसं किती उरलीत, ते बघू.”

ताई खोलीच्या काचेबाहेरच्या बाकावर बसली होती.

“सापडलं ना औषध? तूच शोधलंस ना?”

“हो.”

“मग तीन दिवस का नाही दिलं रे?”

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायला एक अख्खं वाक्य होतं, आणि त्याचा कर्ता तेच होते.

“बशीला वेळ लागतो, ताई.”

“लागणारच,” ती म्हणाली. तिने लगेच विश्वास ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. “उभा किती राहशील? बस.”

ते बसले. काचेपलीकडे यंत्र भाऊजींची छाती उचलत होतं, सोडत होतं. ताई नकळत त्याच्या लयीत श्वास घेत होती. मास्तरांनी आपला श्वास रोखून धरला, जमेल तितका वेळ. कशालाच काही फरक पडला नाही.