दुसरी रेघ

"या जगात खरं बोलणाऱ्या दोनच गोष्टी आहेत. एक सोनं, आणि दुसरा मी!" निवृत्तीच्या दिवशी हातात पुष्पगुच्छ धरून पारखीकाकांनी पेढीतल्या सहा माणसांपुढे जाहीर केलं. टाळ्या पडल्या. कोपऱ्यात बसलेल्या काकू शेजारणीला ऐकू जाईल इतपत हळू म्हणाल्या, "मग सकाळी घरमालक आला तेव्हा 'मी घरात नाही' म्हणून आतून कोण ओरडलं?"

काकांचं काम सोपं होतं, फक्त कुणालाही आवडण्यासारखं नव्हतं. लोक दागिने घेऊन यायचे आणि मोडीत काय मिळेल ते काका सांगायचे. लोकांच्या मनात विकत घेतानाची किंमत असायची, घडणावळीसकट, आणि वर देणाऱ्याची माया. काका खडे वजा करत, टाके वजा करत, माया वजा करत आणि आकडा सांगत. एका गृहस्थांचा चांदीचा करंडक आतून पितळेचा निघाला, तेव्हा ते म्हणाले, "तुमचं भिंग खराब आहे." त्या करंडकाच्या जोरावर वीस वर्षं ते घरात अध्यक्ष होते.

मग पेढीत सोनं तपासणारं मशीन आलं आणि काका निघाले. मालक म्हणाला, "तुमचा कसोटीचा दगड न्या काका, आणि मेणाचा गोळाही. आठवण म्हणून."

आता या गोळ्याची भानगड सांगायला हवी. दागिना काळ्या दगडावर घासायचा, उमटलेल्या रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायचा आणि रेघ टिकते की उडते ते बघायचं. मग दगडावर मेणाचा गोळा दाबून रेघ उचलून घ्यायची. रेघेतलं सोनं मेणाला चिकटतं. असतं किती? मुंगीच्या दातात अडकेल एवढं. पारख करायला एक रेघ पुरते. काका दोन ओढायचे. दुसरी "खात्रीसाठी". कुणाच्या खात्रीसाठी, हे त्यांनी पस्तीस वर्षांत स्वतःला विचारलं नव्हतं. जे विचारायचं नसतं ते न विचारण्याची माणसाला उपजत बुद्धी असते.

रिकामपण वाईट. घरी बसून आठवडा झाला नाही तोच काकांनी गॅलरीत मूस मांडली आणि गोळा वितळवला. मेण जळून गेलं, घरभर विझल्या मेणबत्तीचा वास सुटला आणि मुशीच्या तळाशी भिजवलेल्या हरभऱ्याएवढी पिवळी गोळी उरली. वजन, सात ग्रॅम. सवयीनं काका मोडीचा हिशेब करायला बसले. खडे नाहीत, टाके नाहीत, घडणावळ नाही. वजा करण्यासारखं काहीच नव्हतं. जे वजा व्हायचं ते आधीच लोकांच्या दागिन्यांतून झालं होतं.

त्या दिवसापासून काकांना अन्न गोड लागेना.

"परत करून टाका," काकू म्हणाल्या.

"कुणाला? पस्तीस वर्षांत अर्धं शहर येऊन गेलं माझ्यापुढून!"

"डोळे मिटल्यावर ज्याचं तोंड आधी दिसेल, त्याला."

काकांनी डोळे मिटले. दिसल्या त्या एकबांगडीच्या बाई. बाई दर वर्षी, थंडी सरता सरता, एकच बांगडी रुमालात गुंडाळून आणायच्या, मोडीचा भाव विचारायच्या आणि न विकता परत न्यायच्या. बावीस वर्षं. काका लोकांची नावं विसरत, वजन विसरत नसत. पहिल्या वर्षी चौदा ग्रॅम एकशेवीस मिलिग्रॅम. शेवटच्या वर्षी चाळीस मिलिग्रॅम कमी. मधे एकदा बाईंनी विचारलं होतं, "ही मी कधी हातात घालत नाही, मग झिजते कशी?" काका म्हणाले होते, "हवेनं." सोनं हवेनं झिजत नाही. त्या दिवशी झिजलं.

पत्ता दर वर्षी पावतीवर लिहून तोंडपाठ झालेला. काका दोन मजले चढून गेले. बाईंनी दार उघडलं.

"अगबाई, पारखीभाऊ! मशीन बिघडलं की काय?"

"मशीन ठणठणीत आहे. मीच बिघडलोय."

आत बसल्यावर काकांनी गोळी टेबलावर ठेवली आणि जिना चढताना घोकलेलं सगळं भाषण विसरून एका दमात सांगून टाकलं. दगड, मेण, दुसरी रेघ. "बाई, तुमची बांगडी हवेनं झिजली नाही. मी खाल्ली."

बाईंनी चष्मा लावला. "एवढी?"

"नाही हो! तुमची चाळीस मिलिग्रॅम. बाकी गावाची. पण गाव कुठं शोधत फिरू? सगळीच तुम्ही ठेवा, म्हणजे मी सुटलो."

बाईंनी झुरळ ढकलावं तशी एका बोटानं गोळी परत ढकलली. "उचला आधी ती."

"रागवा हवं तर. चार शब्द बोला."

"रागावते कशाला? भाऊ, ती बांगडी माझी नाहीच."

काकांनी आयुष्यात खोटं सोनं पुष्कळ पाहिलं होतं. खऱ्या सोन्याची खोटी मालकीण प्रथमच.

"धाकट्या जावेची आहे," बाई म्हणाल्या. "ऑपरेशनला आत नेताना तिनं काढून माझ्या हातात दिली. गुंगीतून उठली ती विसरूनच. म्हटलं, जरा बरी होऊ दे, मग देईन. चार दिवसांची चार वर्षं कधी झाली कळलं नाही. तोवर तिनं ठरवून टाकलं, की भावजींनी विकली. बिचारे भावजी! मरेपर्यंत टोमणे खाल्ले त्यांनी. ते गेले तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, 'चोर होते, पण माणूस लाखाचा होता हो!'"

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, होता खरा."

काकांनी टेबलावरची गोळी बोटानं इकडून तिकडे सरकवली.

"मग दर वर्षी मोडीचा भाव कशाला विचारायचात?"

"एकदा तरी म्हणाल, 'बाई, हे पितळ आहे.' पितळेसाठी कोण एवढं मनाला लावून घेतंय! पण तुम्ही मेले दर वर्षी बावीस कॅरेटच म्हणायचात. वर हसून सांगायचात, भाव वाढलाय! म्हणजे माझं पाप वर्षागणिक महाग." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तुम्ही 'हवेनं' म्हणालात, तेव्हापासून तुमच्या दोन रेघा मी मोजायची. वाटायचं, चला, तेवढं तरी गेलं माझ्याकडून. वजन कमी भरलं, की त्या दिवशी जेवण जायचं मला. आणि आज तेच परत करायला आलात? काय वाकडं केलंय मी तुमचं?"

पस्तीस वर्षांत हेच काय ते एक गिऱ्हाईक निघालं, की ज्याला वजन घटल्याचा आनंद होता. आणि नेमकं त्याचंच देणं फेडायला ते आले होते.

"निदान माफ तरी करा," ते म्हणाले.

"मी कोण माफ करणार? बांगडी जावेची, चाळीस मिलिग्रॅमही तिचीच. आहे अजून धडधाकट. चला, आत्ता जाऊ दोघं. तुम्ही आधी सांगा, मग मी सांगते."

"तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही आधी."

"मी सांगितलं तर भावजी खरे ठरतील, भाऊ. आणि एवढी वर्षं खऱ्या माणसाला चोर म्हटलं, हे या वयात तिनं कुठं ठेवायचं?"

जागचं कुणीच उठलं नाही. काकांना वाटलं, सांगावं बाईंना, की काय व्हायचं ते होवो, पण मेलेल्या माणसाच्या माथ्यावरचा डाग पुसा. पण असं सांगायला जे तोंड लागतं, ते त्यांना त्या गोळीच्या शेजारी बसून उघडवेना. उतरवायला आले होते एक ओझं. आता घरी न्यायला दोन झाली होती, आणि त्यातल्या एकाचं वजन कुठल्या तराजूवर करावं, हे पस्तीस वर्षं मुरलेल्या पारख्याला कळेना.

त्यांनी गोळी उचलली, रुमालात बांधली, खिशात टाकली आणि गुडघ्यांवर हात रेटून उठले.

"निघालात?" बाई म्हणाल्या. "मग उठलाच आहात तर आत जाऊन साखरेच्या डब्याचं झाकण तेवढं काढून द्या. घट्ट बसलंय मेलं. दोन दिवस बिनसाखरेचा चहा पितेय."