चांदरीचा पान्हा
पंचाहत्तर सालच्या हिवाळ्यात चांदरी म्हशीच्या खांद्यापुढे कवठाएवढी गाठ आली. चिमणाबाईनं आधी हळद लावली, मग बिब्बा, शेवटी डागही दिला. गाठ कसली बसते? गळ्याखाली दुसरी उठली आणि म्हैस वाळत चालली. तेव्हा गुरांच्या दवाखान्यातले त्र्यंबकराव डॉक्टर शिवाजी पेठेतल्या तिच्या गोठ्यात आले. त्यांनी पापणी उलटून पाहिली, रक्त काढून नेलं, आणि आठवड्यानं परत आले ते दारातच उभे राहिले.

"रक्ताचा कॅन्सर आहे, चिमणाबाई. याला औषध नाही. शेजारच्या म्हशींपासून वेगळी बांधा, हिला टोचलेली सुई दुसरीला टोचू देऊ नका. आणि कच्चं दूध कुणाला देऊ नका."

"मानसास्नी व्हतंय काय ह्ये?"

"तसं कुठं दिसलेलं नाही. पण आजारी जनावराचं दूध. देऊ नका."

चिमणाबाईला रडूही आलं नाही. नवरा गेल्यापासून चांदरीच घर चालवत होती. रोज संध्याकाळी गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोर धार काढून द्यायची, एवढाच धंदा. कच्चं द्यायचं नाही म्हणजे चूल विझलीच म्हणायची.

त्या संध्याकाळी ती घरीच धार काढायला बसली. चांदरी पान्हा सोडेना. रेडकू मेल्यापासून तिला सवय कट्ट्याची. भोवती माणसं आणि पेले दिसल्याशिवाय ती दूध द्यायचीच नाही. कास दगडासारखी झाली, म्हैस पाय झाडायला लागली. वैतागून चिमणाबाईनं दावं सोडलं आणि कट्टा गाठला.

पहिला पेला नेहमीप्रमाणं हंबीररावांचा पुढं आला. म्हाताऱ्यांची पैलवानकी कधीच सुटली होती, चांदरीचं दूध सुटलं नव्हतं.

"आज द्याचं न्हाय," चिमणाबाई म्हणाली. काहीतरी खोटं सांगायचं तोंडावर आलं होतं, पण तिच्यात तेवढंही बळ उरलं नव्हतं. "रक्ताचा क्यान्सर हाय तिला. डाक्टर म्हनलं, कच्चं दिऊ नगा."

मग एकेक पेला शेजारच्या बाळाबाईच्या म्हशीकडं सरकला. कुणी वाकडं बोललं नाही, तेच तिला जास्त लागलं. ती खाली बसून सड ओढत राहिली. चांदरी मान वळवून माणसं शोधत होती. बोटं भरून आली तरी चरवी कोरडीच.

कुणीतरी शेजारी येऊन उभं राहिलं. हंबीरराव. रिकामा पेला त्यांनी म्हशीला दिसेल असा पुढं धरला होता.

"आवो दादा, देनार न्हाय म्हनलं की मी," चिमणाबाई करवादली.

"म्या कुठं मागतोय? तू धार काढ की."

चांदरीनं पेला हुंगला. मग चरवीत पहिली धार वाजली. चरवी भरेपर्यंत म्हातारे हात अवघडला तरी तसेच उभे राहिले.

"उद्या बी येतो," ते म्हणाले. "पेला घिऊन."

तेव्हा कुठं चिमणाबाईला रडू आलं.