दरी दाखवणारं कार्ड

चांगोभाऊंच्या कॉम्प्युटरला घाट चढवत नव्हता.

सपाटीला काही तक्रार नव्हती. मुरबाड डेपोतून सुटलेली बस सरळगाव, टोकावडे, वैशाखरे घेत शहाण्यासारखी जायची. मोरोशी मागे पडून माळशेजचं पहिलं मोठं वळण आलं की पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा बस कठड्याच्या भेटीला निघालेली असायची. चांगोभाऊ ब्रेक मारायचे. शेजारच्या खुर्चीवरचा बारकू स्टीलच्या वाटीवर चमचा एकदा आपटायचा. एक घंटी म्हणजे थांबा. आधीच थांबलेल्या गाडीलाही तो घंटी द्यायचा, कारण नियम तो नियम.

चांगोभाऊ एसटीतले निवृत्त ड्रायव्हर आणि बारकू त्यांचाच निवृत्त कंडक्टर. किन्हवलीत दोघांची घरं एका आळीत. निवृत्तीनंतर चांगोभाऊंनी शेतीत लक्ष घालून पाहिलं, पण भाताला स्टिअरिंग नसतं. मग ते सून निशिगंधा हिच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात जाऊन बसू लागले आणि प्रत्येक फॉर्मला 'आता काय करतेस गो' असं विचारू लागले. तिने आठवडाभर सोसलं, नवा लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर बस चालवायच्या गेमसकट घरी पाठवून दिला. कुणा हौशी तरुणाने मुरबाड ते माळशेज हा सगळा रस्ता त्या गेमसाठी बनवून फुकट ठेवला होता. बेकारीचे असेही काही फायदे असतात.

पडद्याच्या कोपऱ्यात 'अपघात : ०' अशी पाटी असे. चांगोभाऊंचा जीव त्या शून्यात होता. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला त्यांच्याकडे होता आणि लग्नकार्याला जाताना ते तो लावत. खऱ्या घाटात राखलेलं नाव खोट्या घाटात घालवायची त्यांची तयारी नव्हती.

"आणा काय आणायचं ते," अखेर त्यांची बायको हिराबाई म्हणाली. "पण एकच वस्तू. दुसरी आणलीत तर तिच्यासंगती ओटीवर झोपा."

एकच वस्तू, पण कोणती? किन्हवलीच्या स्टँडवर याबद्दल जाणकारांची वाण नव्हती. कुणी म्हणालं रॅम वाढवा, कुणी म्हणालं प्रोसेसर म्हातारा झाला. पानवाल्याने कॉम्प्युटरची दृष्ट काढायला सांगितलं. चांगोभाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. गाडी बंद पडली की खाली उतरून मत देणाऱ्या पासिंजरांचा त्यांना अनुभव होता. शेवटी त्यांनी कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळलं आणि दोघं शहापूरच्या बसमध्ये बसले.

बारकूने तरुण कंडक्टरला थांबवून कॅबिनेटचं लगेज तिकीट मागितलं.

"राहू द्या काका, मांडीवर तर आहे," तो म्हणाला.

"मांडीवर पोर असतं. ही मशिनरी आहे. वर चेकिंगवाला भेटला मंजे तू काय सांगशील?"

तिकीट घेतल्यावरच बारकूला बाहेर बघावंसं वाटलं. तेवढ्यात सापगाव येऊन गेलं होतं.

शहापूरला रविंद्रचं दुकान बाजारपेठेतल्या एका जिन्याखाली होतं. रविंद्र तिशीतला, आणि गिऱ्हाइकापेक्षा कॉम्प्युटरवर जास्त विश्वास ठेवणारा. त्याने कॅबिनेट उघडलं तेव्हा आतून कोंड्याचा चांगला ओंजळभर ढीग निघाला. निशिगंधाच्या दुकानाला लागूनच भाताची गिरणी होती.

"हे तूस झाडायचे पैसे घेत नाय," रविंद्र म्हणाला.

चांगोभाऊ वाकून आत बघत होते. बॉनेट उघडलेली गाडी दिसली की त्यांना राहवत नसे. हा पंखा कोणाचा? ही पट्टी काय करते? ही खाच रिकामी का? ते विचारत होते आणि रविंद्र सांगत होता. आधी कंटाळून, मग हळूहळू रंगून, कारण विकत घेण्याआधी वस्तू समजून घेऊ बघणारा माणूस त्याला बऱ्याच दिवसांनी भेटला होता.

"अंदाज नको. कुठं तुंबतंय ते बघू," तो म्हणाला. त्याने कॉम्प्युटर तिथेच जोडला, गेम लावला आणि पडद्याच्या कडेला आकडे आणले. कोणता भाग किती राबतोय, ते त्यात दिसत होतं. चांगोभाऊंनी मोरोशी गाठली. वळण आलं, चित्र थिजलं.

"हे बघा. रॅम फुल्ल झाली, म्हणून हा हार्ड डिस्ककडे धावतो. आणि डिस्क जुनी, धापा टाकते. पुढचा डोंगर काढून आणेपर्यंत गाडी उभी. रॅमची अजून एक पट्टी टाका, अडकणं जाईल. तुमचा शून्य शाबूत."

"मी तेच बोलत होतो," बारकू म्हणाला. तो असं कधीच बोलला नव्हता. "सीटा कमी पडतात मंजे काय, सीटा वाढव. घ्या रॅम, चला. सव्वाची गाडी मिळंल."

चांगोभाऊ पडद्याकडे बघत होते. "आणि ही दरी अशी का? कठड्याच्या पलीकडं नुस्तं भुरकट-पांढरं."

"ते मीच बंद ठेवायला सांगेन. तुमच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड नाय. दरी, झाडं, लांबचे डोंगर, हे सगळं त्या कार्डाचं काम. ते या रिकाम्या खाचेत बसतं. तुमचं कॅबिनेट चपटं, म्हणजे बुटकं कार्ड लागेल, आणि वेगळी वायर न मागणारं. सेकंडहँड आहे माझ्याकडे एक." रविंद्रने खांदे उडवले. "पण काका, कार्डाने अडकणं जाणार नाय. ते वळणावर अडकणारच. आणि ड्रायव्हरला दरी कशाला? ड्रायव्हरने रस्ता बघायचा."

"तेच तर केलं," चांगोभाऊ म्हणाले.

ते खरंच होतं. या घाटात त्यांनी सगळी नोकरी काढली आणि दरीकडे एकदाही पाहिलं नाही. बघितली असती तर बिल्ला मिळाला नसता. नजर रस्त्यावर, कान घंटीवर. दरीची बातमी त्यांना मागून येई. बारकू केबिनच्या जाळीपाशी येऊन सांगायचा, आज ढगांच्या सावल्या पळतात. आज खालच्या देवळाचा कळस चमकतोय. आज धुकं असं भरलंय की भात ओतला तर वरच राहील. चांगोभाऊ 'हं' म्हणायचे आणि गिअर बदलायचे. रात्री जेवताना तीच दरी ते हिराबाईला सांगायचे, जणू स्वतः पाहिल्यासारखी.

"कार्ड लावून दाखव," ते रविंद्रला म्हणाले.

बारकू एकदम गरम झाला. "अरे चांगो, दरीत काय असतं? दगड! रॅम घे रे. शून्य जाईल तुझा. मी वाटी वाजवून वाजवून किती वाजवू?"

"तुला काय झालंय मास्तर? दरी तुझीच आवडीची."

"मला आवडली म्हणून तुला नाय आवडायची," बारकू म्हणाला आणि दुकानातल्या माउसच्या किमती वाचू लागला.

रविंद्रने कार्ड खाचेत दाबलं. चांगोभाऊंनी मात्र ऐन वेळी हात वर केला. इथे जिन्याखाली बसून दरी बघायची नाही, म्हणाले. घरी, आपल्या गाडीत बघू. पंख्याला हात लावून पाहिला, कार्ड नीट बसलंय ना ते दोनदा विचारलं आणि एकच वस्तू घेऊन निघाले. परतीच्या बसमध्ये बारकूने लगेज तिकीट मागितलं नाही. चांगोभाऊंना त्याची काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण आटोपून दोघं बसले. हिराबाई आत तांदूळ निवडत होती. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. झाडांना पानं आली होती. मोरोशी गेली. वळण आलं आणि चित्र थिजलं, रविंद्र म्हणाला होता तसंच. ते पुन्हा हललं तेव्हा चांगोभाऊंनी गाडी कठड्यापासून ओढून घेतली, थोडी वर नेली, आणि मग आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. थांबा नसताना, पासिंजर नसताना, घंटी नसताना घाटात गाडी उभी केली आणि हँडब्रेक ओढला.

उभ्या गाडीला अडकायची भीती नसते, हे त्यांना रात्री अंथरुणात सुचलं होतं.

बारकूचा चमचा हवेतच राहिला. "घंटी कुणी दिली?"

"दे ना."

बारकूने नाइलाजाने एक घंटी दिली. चांगोभाऊंनी माउस सरकवला तशी ड्रायव्हरची मान वळली, आणि कठड्यापलीकडे दरी उघडली. खोल, हिरवी, खाली बारीक होत गेलेली वाट, पलीकडे कातळाची उभी भिंत. चांगोभाऊ खुर्चीत पुढे सरकले.

"देऊळ कुठंय रे?"

"असंल तिकडं. डावीकडं."

"मागं उजवीकडं बोलायचास."

"जाताना उजवीकडं, येताना डावीकडं."

"आपण जातोयच की मास्तर."

बारकूने वाटी खाली ठेवली, चमचा तिच्यात ठेवला. "मी कुठं बघितलीय दरी?" तो म्हणाला. "घाट संपायच्या आत सगळी तिकटं फाडायची, सुट्टे द्यायचे, वर चेकिंगवाले उभे. मान वर काढायला फुरसत होती काय मला? पासिंजर बोलायचे, बघा बघा देऊळ. ते मी तुला येऊन सांगायचो."

"मंजे ते धुक्यावर भात ओतायचं..."

"ते एक म्हातारी बोललेली. आळेफाट्याला जायची."

चांगोभाऊंनी मान हलवली. हिराबाईला आपण इतकी वर्षं कुणा म्हातारीची दरी सांगत होतो तर. त्यांनी आपली खुर्ची एका बाजूला घेतली आणि बारकूची पुढे ओढली. "ये. नीट बस. खिडकी तुझी."

दोघं बघत राहिले. कातळावरून ढगाची एक सावली चालली होती, आणि ती खरोखरच पळत होती. पासिंजरांनी तेवढं चूक सांगितलं नव्हतं. बारकू बोट दाखवणार इतक्यात मागून धाडकन आवाज झाला. घाटात उभ्या असलेल्या बसला गेममधल्या एका ट्रकने मागून ठोकलं होतं. कोपऱ्यातली पाटी लाल झाली. 'अपघात : १'.

"उभ्या गाडीला मागून ठोकलंय," बारकू सवयीने उठला. "चूक त्याची. मी साक्षीदार आहे. पंचनाम्यात लिहू, घंटी दिलेली होती."

"बस खाली," चांगोभाऊ म्हणाले. त्यांनी मान वळवली नव्हती.

"काय फुटलं?" आतून हिराबाईने विचारलं.

"काय नाय गो," चांगोभाऊ म्हणाले. "ते तांदूळ ठेव नि जरा हिकडं ये. तुला सांगायचो ती दरी आहे."