खंडेनवमीला माझी पूजा झाली

शाळेत असताना फाटक्या छत्रीचं आणि मोडक्या खुर्चीचं आत्मवृत्त गुणांसाठी लिहिलेल्या, आणि आता संसारात मुरलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आज जरा माझंही ऐका. मी एक जुना व्हायब्रेटर आहे. दचकू नका आणि पदर तोंडावर घेऊ नका. छत्रीला मन असतं, तर मलाही आहे. ही गोष्ट मोठ्या माणसांची आहे, तेव्हा मोठ्या माणसांनीच ऐकावी. मित्रांनो, तुम्हीही उठून जाऊ नका. खरं तर तुम्ही बसलात तर जास्त बरं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पावट्याच्या दाण्याएवढी मोटार, तेवढीच लहान बॅटरी आणि वरून मऊ जांभळ्या सिलिकॉनचं आवरण, एवढाच माझा देह. तळहातात मावेन असा. तिथल्या एका मुलीने मला क्षणभर मनगटावर धरून पाहिलं, मान डोलावली आणि डब्यात घातलं. डब्यावर एक फूल छापलेलं होतं. आत काय आहे, ते कशासाठी आहे, याबद्दल वरती अळीमिळी गुपचिळी. मला वाटलं, आपल्या जन्मातच काहीतरी लाजिरवाणं असावं.

त्या डब्यातून मी ग्वाल्हेरला आलो, डॉक्टर शिखा यांच्या दवाखान्यात. आणि त्यांनी मला यशश्रीबाईंच्या हातात ठेवलं.

यशश्रीबाई म्हणजे दाना ओली मोहल्ल्यातल्या एका मराठा घराण्याच्या सूनबाई. वय अठ्ठेचाळीस. लेक पुण्याला नोकरीला. सासरे मानसिंगराव, ज्यांना सगळे आबासाहेब म्हणत, फौजेतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. नवरा संग्रामसिंह, पूर्वजांनी तलवार चालवली, हे पाटणकर बाजारात पंखे आणि कूलरच्या मोटारी दुरुस्त करतात. सज्जन माणूस. ना दारू, ना आवाज चढवणं. म्हणूनच यशश्रीबाईंना कुठे तक्रार करायला तोंडच नव्हतं.

दवाखान्यात त्या आल्या होत्या झोप लागत नाही म्हणून. शिखा त्यांची कॉलेजातली मैत्रीण. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा बाई खाली मान घालून म्हणाल्या, "मला ते सुख काय असतं, पता नाही शिखा. सगळ्या बोलतात ना, तसं मला कधी झालंच नाही. मी नाटक करते. त्यांना वाईट नको वाटायला म्हणून. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

"अगं पागल आहेस का?" शिखा म्हणाली. "तुझ्यात खोट असती तर अर्ध्या ग्वाल्हेरच्या बायकांत खोट आहे. हे बघ, ती जागा आत नसते, बाहेर वरच्या बाजूला असते. क्लिटोरिस म्हणतात. नुसत्या संबंधाने पुष्कळ जणींना काहीच होत नाही, हे एकदम नॉर्मल आहे. तिथं सारखा, एका लयीत स्पर्श लागतो. हाताने जमत नाही तर हे घे. आणि टेन्शन नको घेऊ, ही काही परीक्षा थोडी आहे."

पण बाईंनी ती परीक्षाच करून टाकली. पहिल्या दिवशी दाराला कडी लावून त्यांनी मला एकदम सर्वांत वरच्या वेगावर सुरू केलं. मी आपला जीव तोडून थरथरलो. त्यांना सुखाऐवजी बधिरपणा आला, मग मुंग्या, मग रडू. मला साड्यांच्या थप्पीखाली ढकलून त्या म्हणाल्या, "मशीननेसुद्धा नाही होत." मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते पहिलं दुःख. ज्या कामासाठी आपण जन्मलो त्याच कामात आपण नापास झालो, असं मला वाटलं.

शिखाने फोनवर त्यांना झापलं. मग मात्र बाई हळूहळू शिकल्या. दुपारी आबासाहेब वामकुक्षी घेत आणि दुकान उघडं असे, तेवढा वेळ त्यांचा. सर्वांत कमी वेग. सुरुवातीला मला कपड्यावरूनच धरायचं, नाजूक जागी थेट टेकवायचं नाही. नंतर ओलाव्यासाठी थोडं पाण्याचं जेल. आणि बरं वाटू लागलं की जागा बदलायची नाही, वेग बदलायचा नाही, श्वास रोखून धरायचा नाही, अगदी तिथेच राहायचं. 'झालं का, झालं का' असं मनाला विचारायचं नाही. इतकी साधी गोष्ट. पण जिला आयुष्यभर दुसऱ्याची घाई सांभाळायची सवय, तिला स्वतःसाठी न घाबरता पडून राहणं किती अवघड जातं, हे मी जवळून पाहिलं आहे.

आणि एका दुपारी ते झालं. बाई उशीत तोंड खुपसून खूप वेळ रडल्या. आनंदाचं रडू होतं, असं म्हणून मी तुम्हाला फसवणार नाही. आपल्यात काहीच मोडलेलं नव्हतं हे त्यांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळलं होतं. मग एवढी वर्षं आपण स्वतःला कशासाठी नावं ठेवली, याचं ते रडू होतं.

पुढे पुढे मात्र धाकधूक गेली. आज होईल की नाही ही शंका राहिली नाही. वेळ दिला की व्हायचंच. त्या झोपू लागल्या. भाजी निवडताना गुणगुणू लागल्या. मला त्या कोमट पाण्याने धुवायच्या, मऊ फडक्याने पुसायच्या, वेळेवर चार्ज करायच्या. माझे ते सोन्याचे दिवस होते.

सुख एकटीने खाऊन बाईंना पचेना. हे नवऱ्यालाही सांगावं, दोघांनी मिळून मला वापरावं, असं त्यांच्या मनात येऊ लागलं. पण मग ते नाटकही सांगावं लागणार होतं. आरशासमोर उभ्या राहून त्या म्हणून बघायच्या, "अहो, रागावू नका हं, एक बोलायचं आहे." आणि तिथेच थांबायच्या. शेवटी त्यांनी ठरवलं, दसरा होऊ दे, मग सांगू.

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी घात झाला.

त्या दिवशी, खंडेनवमीला, त्यांच्या घरी शस्त्रांची पूजा असते. आबासाहेबांचा दंडक असा, की घरातलं एकही हत्यार आणि एकही यंत्र बिनपूजेचं राहता कामा नये. पाटावर तलवारी आणि कट्यार, खाली विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, मिक्सर, संग्रामसिंहांचं सोल्डरिंगचं सामान. आबासाहेब दर वर्षी स्वतः घरभर फिरून काही राहिलं का ते बघत. बाई स्वयंपाकघरात पुरणात गुंतलेल्या. आणि मी त्यांच्या खोलीच्या खिडकीत धुऊन वाळत पडलेला.

आबासाहेबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी मला उचललं, उलटसुलट पाहिलं, बटण चाचपलं आणि म्हणाले, "अरे, सूनबाईंचं हे चेहऱ्याचं मशीन राहिलंच की."

बाई नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आल्या तेव्हा मी तलवारीच्या मुठीशेजारी बसलो होतो. कपाळावर हळदकुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. मैत्रिणींनो, माझ्या जातीत असा मान कुणाला मिळाला असेल? पण बाईंची नजर माझ्यावर पडली आणि ताटातली वरणाची वाटी कलंडली.

पूजेला आलेल्या भाऊबंदांपैकी एकाने विचारलं, "काका, हे काय नवीन?" संग्रामसिंहांनी मला उचललं. मोटारीचा माणूस, बटण दाबल्याशिवाय कसा राहील? मी गुणगुणलो, झेंडूचं फूल घरंगळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला बंद करून शांतपणे म्हणाले, "मानेचं मशीन आहे. मीच आणलंय दुकानातून."

झाकली मूठ राहिली. त्यांनी बायकोची अब्रू राखली, हे मी कधी विसरणार नाही.

पाहुणे गेल्यावर खोलीत त्यांनी मला पलंगावर ठेवलं. "हे काय आहे, यशू?"

बाईंनी आरशासमोरची सगळी तयारी विसरून एका दमात सगळं सांगितलं. शिखाकडे गेलेलं, दुपारचं, आणि लग्न झाल्यापासूनचं नाटकही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "मतलब... एकदासुद्धा नाही?"

"अहो, तुमची चूक नाही त्यात. मलाच माहीत नव्हतं. आपण दोघं मिळून..."

"राहू दे," ते म्हणाले. "तुझं मशीन तुझ्याजवळ ठेव."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते लाजले होते. आयुष्यभर आपण बायकोला सुखात ठेवलं असं समजणाऱ्या माणसाला आपलं हसू झालं असं वाटत होतं. आबासाहेबांच्या बी.पी.चं निमित्त काढून त्यांनी आपलं अंथरूण त्यांच्या खोलीत हलवलं. जेवताना 'मीठ दे', 'पाणी दे' एवढंच बोलणं. आणि बाईंनी मला फडक्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवलं. ज्याच्यामुळे घर गमावलं, त्याला हात लावावासा वाटेना.

दिवाळी आली, गेली. ग्वाल्हेरची हाडं गोठवणारी थंडी गेली, उन्हाळा तापू लागला, बाहेर कूलर घरघरू लागले. मी अंधारात पडून होतो. बॅटरी हळूहळू उतरत गेली आणि आमच्या बॅटऱ्या फार दिवस रिकाम्या राहिल्या की मरतात. एक दिवस माझ्यातला जीव गेला. बाईंची झोपही पुन्हा गेली होती, हे मला त्यांच्या येरझाऱ्यांवरून कळे.

मग एका सुट्टीच्या दुपारी कपाट उघडलं. हात बाईंचे नव्हते. संग्रामसिंहांनी मला बाहेर काढलं, चार्जरला लावलं, खूप वेळ वाट पाहिली. दिवा लागेना. मग ते मला जेवणाच्या टेबलावर घेऊन बसले, चष्मा लावला, सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं. माझ्या अंगाला स्क्रू नाही, सांधा नाही. शेवटी त्यांनी ब्लेड घेतलं आणि माझं आवरण उभं चिरलं.

नेमक्या त्याच वेळी बाई टोपी बाजारातून पिशव्या घेऊन आत आल्या.

"कापलंत?" त्यांच्या हातून पिशव्या गळाल्या. "एवढा राग होता तर मला कापायचं होतंत! त्याने काय केलं तुमचं? एक गोष्ट माझी होती हो या घरात, एकच, ती पण..." इतकी वर्षं तोंडातून चढा शब्द न काढलेली बाई दारात उभी राहून ओरडत होती.

"यशू, ऐक तर," ते गडबडून उठले. "रागाने नाही ग. बंद पडलंय ते. कुठून उघडतच नव्हतं. चालू करून तुझ्या उशाशी ठेवणार होतो. मला असं बोलायला नाही जमत. म्हटलं, हे चालू झालं की तू समजशील."

बाई भिंतीला टेकून खाली बसल्या. तेही समोर फरशीवर बसले. मग त्यांनी विचारलं, "खोटं का बोललीस इतकी वर्षं?"

"तुम्ही विचारायचात, 'बरं वाटलं ना?' त्याला 'हो' सोडून दुसरं काय उत्तर असतं? 'काय बरं वाटतं' असं विचारलंत कधी?"

मग त्या फौजेच्या, तलवारींच्या घरातला माणूस अगदी लहान आवाजात म्हणाला, "मग आता विचारतो. काय बरं वाटतं तुला?"

मला वाटलं, आता बाई हसतील. पण त्या ढसाढसा रडल्या. "आता माझी पाळी जायला आली हो. केस पांढरे झाले. आता विचारताय?"

बाईंनी उत्तर दिलं नाही असं नाही. दिलं, अडखळत, जमिनीकडे पाहत, मधे थांबत. ते ऐकत होते आणि मधेच डोळे पुसत होते. संग्रामसिंहांनी मग मला नवी बॅटरी जोडून पाहिली, पण चिरलेलं अंग सांधत नाही आणि मोटारही गंजली होती. बाईंनी मला परत फडक्यात गुंडाळलं. उद्या मी भंगारात जाईन.

मैत्रिणींनो आणि मित्रांनो, माझ्यासारखं कुणी तुमच्या घरी असेल तर त्याला स्वच्छ ठेवा, अधूनमधून चार्ज करत जा, आणि आपण काही पाप दडवून ठेवलंय असं त्याला वाटू देऊ नका. पण माझी खरी विनंती वेगळीच आहे. मी बाजारात पुन्हा मिळतो. जोडीने काढलेली वर्षं मिळत नाहीत. माझ्या बाईंना जो प्रश्न केस पिकल्यावर ऐकू आला, तो तुम्ही आजच विचारा. आणि समोरून लगेच 'सगळं ठीक आहे' असं आलं, तर तेवढ्यावर कूस बदलून झोपू नका. थांबा आणि पुन्हा विचारा.